लेझर नव्हता तेव्हाचा होलोग्राम

फर्स्ट इयरच्या फिजिक्सला होलोग्राफीवर एक शॉर्ट नोट असते. आपण सगळ्यांनीच ती कधी ना कधी घोकली आहे. व्याख्या, एक आकृती, फोटोग्राफी आणि होलोग्राफी यांतले फरक दोन रकान्यांत, आणि पान उरलेच तर चार उपयोग. त्यात एक ओळ हमखास असते की होलोग्राफीचा शोध डेनिस गॅबोर यांनी १९४८ साली लावला. आणि त्याच पानावर थोडे खाली असेही असते की होलोग्राम करायला लेझर लागतो. आता गंमत बघा. जगातला पहिला लेझर चालला तो १९६० साली. मग त्याआधी बारा वर्षे हा माणूस होलोग्राम करत होता तो कशाच्या जोरावर?

परीक्षेत हा प्रश्न कोणी विचारत नाही, त्यामुळे आपणही विचारत नाही. पण माझ्या डोक्यातून तो जाईना, म्हणून लायब्ररीत आणि नेटवर मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता दुसरी एक गोष्ट कळली आणि मी चाटच पडलो. फिजिक्सचे नोबेल मिळवणारे हे गॅबोर साहेब डिग्रीने फिजिक्सवाले नव्हतेच. ते होते इलेक्ट्रिकल इंजिनिअर! म्हणजे आपल्यातलेच. तेव्हा ठरवले, यंदाच्या अंकात यांच्यावरच लिहायचे.

डेनिसचा जन्म ५ जून १९०० चा, बुडापेस्टचा. हंगेरीत आडनाव आधी लावतात, त्यामुळे तिकडे त्याचे नाव गाबोर देनेश. वडील एका मोठ्या कोळसा खाण कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. घरची परिस्थिती उत्तम, आणि मुख्य म्हणजे घरात शिक्षणाची आवड. तीन भावांत डेनिस थोरला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला फिजिक्सने अक्षरशः झपाटले. कॉलेजात जाईपर्यंत थांबायचीही त्याची तयारी नव्हती. त्या काळी ख्वोल्सन नावाच्या रशियन प्राध्यापकाचे फिजिक्सचे अवाढव्य पुस्तक प्रसिद्ध होते. डेनिसने स्वतःच कॅल्क्युलस शिकून घेतले आणि दोन वर्षांत ते पुस्तक पार केले. धाकटा भाऊ जॉर्ज याला हाताशी धरून त्याने घरीच एक छोटी प्रयोगशाळा उभी केली. बिनतारी संदेश, एक्स-रे, किरणोत्सार... त्या वेळी जे जे नवे होते ते ते हे दोघे घरात करून बघत.

या वयात दोन गोष्टींनी त्याच्या मनात घर केले. एक म्हणजे सूक्ष्मदर्शकात प्रतिमा तयार कशी होते याचा अर्न्स्ट आबे यांचा सिद्धांत. दुसरी म्हणजे फ्रान्सच्या गॅब्रिएल लिपमन यांची रंगीत फोटोग्राफी. लिपमन यांना तिच्यासाठी १९०८ चे फिजिक्सचे नोबेल मिळाले होते. या फोटोत कुठलाही रंग वापरलेला नसतो. फोटोच्या काचेवरच्या थरामागे पारा ठेवायचा. येणारा प्रकाश पाऱ्यावरून परत फिरतो, येणारी लाट आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळतात आणि थराच्या आत अतिशय बारीक पापुद्रे तयार होतात. नंतर साध्या उजेडात ती काच बघितली की त्या पापुद्र्यांवरून ज्याचा त्याचाच रंग परत येतो. म्हणजे फोटो रंगाचा नाही, तर प्रकाशाच्या लाटेचा! चित्रकलेसारखी दिसणारी गोष्ट आणि आत शुद्ध फिजिक्स. लिपमन हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, डेनिस सैन्यात तोफखान्यात होता, इटलीच्या आघाडीवर. युद्ध संपले आणि त्याने बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठात प्रवेश घेतला. पण इंजिनिअरिंगला! फिजिक्सवर इतके प्रेम असताना असे का? कारण अगदी आपल्या घरात ऐकू येणारे आहे. हंगेरीत फिजिक्स हा पोटापाण्याचा व्यवसायच नव्हता. सगळ्या देशात मिळून प्राध्यापकाच्या जेमतेम पाच-सहा जागा. त्यातली एक आपल्याला मिळेल असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? तेव्हा स्कोप कशाला आहे ते बघून ॲडमिशन घेतली. शंभर वर्षांपूर्वीच्या बुडापेस्टमध्येही हेच होते हे वाचून मला तरी बरे वाटले.

हंगेरीतले राजकारण बिघडत चालले होते. १९२० साली तो बर्लिनला गेला आणि तिथल्या तंत्रविद्यापीठातून १९२४ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. पण बर्लिनमध्ये त्याने खरे काम काय केले असेल तर ते लेक्चर बुडवण्याचे! म्हणजे बुडवून सिनेमाला नाही. तो पळायचा तो शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठात, फिजिक्सच्या वर्गात बसायला. तिथे त्या वेळी कोण कोण होते? आइन्स्टाइन, प्लांक, नेर्न्स्ट, फॉन लाऊए. ॲडमिशन एकीकडे आणि मन दुसरीकडे अशी ही कसरत, पण त्याने दोन्हींतले काही सोडले नाही. मला वाटते गॅबोर यांचे सगळे आयुष्यच या एका सवयीत आहे. एका डिपार्टमेंटचे कार्ड खिशात ठेवायचे आणि दुसऱ्याच्या दारातून आत जायचे.

१९२७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता वीजवाहिन्यांतले क्षणिक झटके पकडणारा वेगवान कॅथोड रे ऑसिलोग्राफ. आपल्या लॅबमधल्या सीआरओचा हा पणजोबाच म्हणा ना. त्यासाठी त्यांनी लोखंडी कवचात बसवलेली एक चुंबकीय कॉइल तयार केली. ही कॉइल इलेक्ट्रॉनच्या झोताला एका बिंदूत आणते, म्हणजे चक्क इलेक्ट्रॉनची लेन्स. पुढे १९३१ साली त्याच तंत्रविद्यापीठात नोल आणि रुस्का या दोघांनी अशाच लेन्स वापरून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बनवला. रुस्का यांना त्याबद्दल १९८६ साली नोबेल मिळाले. हातात लेन्स असूनही गॅबोर त्या वाटेने गेले नव्हते. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हा विषय मात्र डोक्यात राहिला तो राहिलाच.

नोकरी लागली सीमेन्समध्ये. तिथे त्यांना करायचा होता कॅडमियमचा दिवा. तो काही जमला नाही, पण त्या खटाटोपात उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा हाती लागला. क्वार्ट्झच्या नळीत तार हवाबंद बसवण्यासाठी त्यांनी मॉलिब्डेनमची पातळ पट्टी वापरली. ही युक्ती पुढे रस्त्यांवरच्या लाखो दिव्यांत गेली. शोधायला जावे एक आणि सापडावे दुसरे, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा घडले ते इथे. शेवटचे नाही.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. गॅबोर जन्माने ज्यू. जर्मनी सोडावी लागली. काही काळ हंगेरीत काढून १९३४ साली ते इंग्लंडला गेले. तिकडे मंदीचा काळ, परक्या माणसाला नोकरी कोण देणार? एका नव्या दिव्याच्या कल्पनेवर रग्बी गावातल्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीने त्यांच्याशी करार केला. तो दिवाही पुरता चालला नाही, पण कंपनीच्या संशोधन विभागात पाय टेकायला जागा मिळाली. रग्बीतच १९३६ साली त्यांचे मार्जोरी बटलर यांच्याशी लग्न झाले. मग आले दुसरे महायुद्ध. हंगेरी शत्रुपक्षाकडे, त्यामुळे कंपनीतल्या गुप्त कामांपासून गॅबोर यांना लांब ठेवण्यात आले. कुंपणाबाहेरच्या एका खोपटात बसून ते आपले काम करत. सगळे हुशार लोक रडारवर काम करत असताना या माणसाला बाहेर बसवले होते!

पण बाहेर बसलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. १९४६ साली त्यांनी संदेशवहनाच्या सिद्धांतावर पेपर लिहिला. सिग्नल एकाच वेळी काळ आणि फ्रिक्वेन्सी या दोन्ही अंगांनी कसा मोजावा, हा त्याचा विषय. आपल्या ईएनटीसीच्या आणि कॉम्प्युटरच्या मित्रांनी इमेज प्रोसेसिंगमध्ये गॅबोर फिल्टर हा शब्द ऐकला असेल, तो इथूनच आला. डोळ्याच्या बुबुळावरून माणूस ओळखण्याची जॉन डॉगमन यांची पद्धत गॅबोर यांच्याच लहरींवर उभी आहे. आधार कार्ड काढताना आपण यंत्रात डोळे घालून बसलो होतो ना, त्या तंत्राच्या मुळाशी हे कुंपणाबाहेरचे गृहस्थ आहेत.

आता येऊ मूळ मुद्द्यावर.

गॅबोर यांना अणू बघायचा होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो दिसायला हवा होता, पण दिसत नव्हता. कारण इलेक्ट्रॉनच्या लेन्समध्ये एक जन्मजात दोष असतो. काचेच्या लेन्समध्ये आपण दुसरी उलटी लेन्स जोडून दोष घालवतो, तसे तिथे करता येत नव्हते. लेन्स सुधारण्याचे सगळ्यांचे प्रयत्न चालले होते. १९४७ च्या ईस्टरच्या सुट्टीत गॅबोर रग्बीच्या टेनिस कोर्टवर आपला नंबर यायची वाट बघत बाकावर बसले होते आणि तिथे त्यांना सुचले. लेन्स सुधारायचीच कशाला? चित्र बिघडलेले येऊ दे. फक्त त्यात माहिती पूर्ण हवी. मग ते बिघडलेले चित्र बाहेर काढून साध्या प्रकाशाने दुरुस्त करता येईल!

माहिती पूर्ण हवी म्हणजे काय, ते समजून घेऊ. प्रकाशाच्या लाटेबद्दल दोन गोष्टी सांगाव्या लागतात. ती किती जोराची आहे आणि तिचा माथा नेमका कुठे आहे, म्हणजे फेज. फोटोची फिल्म फक्त पहिली गोष्ट नोंदवते. फेज वाया जातो, आणि वस्तू किती लांब आहे, कुठल्या बाजूला आहे ही सगळी माहिती त्या फेजमध्येच असते. म्हणून फोटो चपटा. आता गाण्याच्या मैफलीची आठवण करा. गवयाचा सूर किंचित वर गेला की खाली, हे आपल्यासारख्या सामान्य कानाला कशावरून कळते? मागे तानपुरा अखंड चालू असतो त्यावरून. तानपुऱ्याचा सूर बदलत नाही, म्हणून त्याच्याशी ताडून दुसरा सूर कळतो. दोन तारा जवळजवळ जुळल्या की जी हेलकावणारी आस ऐकू येते, ती त्या दोघींतल्या फरकाची खूण. गॅबोर यांनी प्रकाशाला तानपुरा दिला. वस्तूवरून आलेल्या लाटेत एक साधी, न बदलणारी लाट मिसळली. दोघींच्या मिसळण्याने फिल्मवर बारीक पट्टे उमटले आणि त्या पट्ट्यांच्या मांडणीत फेज अडकला. नंतर त्या फिल्मवर नुसती ती साधी लाट सोडली की पट्ट्यांतून वळून मूळ वस्तूची लाट जशीच्या तशी बाहेर पडते. वस्तू तिथे नसते, पण तिचा प्रकाश असतो. ग्रीक भाषेत होलोस म्हणजे संपूर्ण. म्हणून हा होलोग्राम.

इलेक्ट्रॉनवर जाण्याआधी त्यांनी ही कल्पना प्रकाशावर तपासायची ठरवली. सोबत सहायक आयव्हर विल्यम्स. पण मिसळणाऱ्या दोन लाटा एकमेकींशी ताल धरून चालायला हव्यात, यालाच आपण कोहेरन्स म्हणतो. लेझर नव्हता. त्यांच्याकडे होता पाऱ्याचा दिवा, ज्या जातीच्या दिव्यावर त्यांनी सीमेन्समध्ये हात बसवला होता. त्याच्या प्रकाशाचा ताल टिकायचा जेमतेम ०.१ मिलिमीटर! आपल्या लॅबमधला साधा हीलियम-निऑन लेझरसुद्धा वीसेक सेंटिमीटरपर्यंत ताल सोडत नाही. त्यातून दिव्यातला एकच रंग गाळून घ्यायचा आणि तो ३ मायक्रॉनच्या छिद्रातून पाठवायचा. पलीकडे किती प्रकाश उरणार? मिनिटे मिनिटे एक्स्पोजर देऊन जेमतेम एक सेंटिमीटरचा होलोग्राम मिळे, आणि तोही एक मिलिमीटरच्या पारदर्शक चित्राचा.

त्या एवढ्याशा चित्रात त्यांनी काय लिहिले होते माहीत आहे? तीन नावे. हायगेन्स, यंग आणि फ्रेनेल. प्रकाश ही लाट आहे असे मांडणारा पहिला, दोन लाटा मिसळून दाखवणारा दुसरा आणि लाटा कशा वळतात त्याचे गणित बसवणारा तिसरा. आपण नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहितो ना, मला तो तसाच प्रकार वाटतो. होलोग्राममध्ये नुसते ठिपके आणि वलये दिसत. पण त्यावर पुन्हा प्रकाश टाकला की ती तीन नावे वाचता येत. १५ मे १९४८ च्या नेचरमध्ये हे छापून आले. लेझर नव्हता तेव्हाचा होलोग्राम तो हा.

इथे सिनेमा असता तर टाळ्या पडल्या असत्या आणि पाटी आली असती. प्रत्यक्षात मात्र उलटे झाले. या पद्धतीत एकाऐवजी दोन प्रतिमा तयार होत आणि एकीवर दुसरीची धूसर सावली पडे. १ जानेवारी १९४९ रोजी गॅबोर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकवायला रुजू झाले. १९५० ते १९५३ अशी तीन वर्षे एका औद्योगिक प्रयोगशाळेबरोबर इलेक्ट्रॉनच्या होलोग्राफीवर काम चालले. थोडेफार हाती लागले, पण अणू काही दिसला नाही. तेव्हाच्या उपकरणांत तेवढी स्थिरताच नव्हती. पुढे त्यांनी तो नाद सोडून दिला. जगही विसरले. ज्या कामासाठी होलोग्राफी जन्माला घातली त्या कामात ती नापास झाली होती, आणि दुसरे कुठले काम तिला अजून कोणी दिले नव्हते.

मला या जागी थोडे थांबावेसे वाटते. पन्नाशीतला माणूस. आयुष्यातली सगळ्यात मोठी कल्पना कागदावर बरोबर आणि टेबलावर लंगडी. आपण काय केले असते? गॅबोर यांनी काय केले, तर विद्यार्थ्यांना घेऊन दुसरे अवघड प्रश्न हातात घेतले. चपटी टीव्ही ट्यूब, अनुभवावरून शिकणारा ॲनालॉग कॉम्प्युटर, वायूतल्या विद्युतप्रवाहाची कोडी. होलोग्राफीचे जे जमले आणि जे जमले नाही, ते सगळे पेपरांत नीट लिहून ठेवलेले होते. हे लिहून ठेवणे किती कामाचे ठरले ते बघा.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एमेट लीथ नावाचा संशोधक लष्कराच्या रडारवर काम करत होता. रडारचे सिग्नल फिल्मवर घेऊन प्रकाशाने वाचायचे, असे ते काम. करता करता तो स्वतःच्या वाटेने त्याच कल्पनेपाशी पोहोचला, आणि मग गॅबोर यांचे पेपर त्याच्या वाचनात आले. त्याने आणि युरिस उपात्निएक्स याने साधी लाट सरळ न सोडता तिरकी सोडली. झाले! दोन प्रतिमा दोन दिशांना गेल्या, सावलीचे भांडण मिटले. त्यात १९६० साली लेझर आला. १९६४ साली या दोघांनी खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाचा होलोग्राम लोकांपुढे ठेवला. एका परिषदेत तो बघायला शास्त्रज्ञांची रांग लागली. मान हलवली की इंजिनाची दुसरी बाजू दिसत होती, आणि काचेमागे इंजिन नव्हतेच.

त्याच सुमारास लेनिनग्राडमध्ये युरी डेनिस्युक नावाचा तरुण वेगळेच करत होता. त्याला हा नाद लागला तो इवान येफ्रेमोव्ह यांची विज्ञानकथा वाचून! त्याने लिपमनची रंगीत फोटोग्राफी आणि होलोग्राफी यांची सांगड घातली. परिणाम असा की होलोग्राम बघायला लेझर लागेना, साध्या दिव्यात दिसू लागला. १९६२ साली त्याचे काम प्रसिद्ध झाले. शाळकरी डेनिसला ज्या लिपमनने वेड लावले होते, तो असा पन्नास वर्षांनी दुसऱ्याच देशात होलोग्राफीला येऊन मिळाला.

इथून पुढे कलाकार आत येतात. इंग्लंडमध्ये मार्गारेट बेनयन या चित्रकार बाईंनी १९६८ च्या सुमारास नॉटिंगहॅम विद्यापीठात होलोग्राम करायला सुरुवात केली. होलोग्राम घेताना वस्तू केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी हलली तरी ती काळी पडते, म्हणजे तिथे नुसते अंधाराचे भोक दिसते. आपण त्याला एरर म्हणून जर्नलमध्ये प्रिकॉशन्सखाली लिहू. कलाकाराला त्या भोकातच विषय दिसतो: जे होते आणि आता नाही, त्याचा आकार. १९७२ साली साल्व्हादोर दालीने न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीत होलोग्राम मांडले. पण मला सगळ्यात आवडले ते सॅन फ्रान्सिस्कोचे. होलोग्राफीला लागणारे न हलणारे टेबल भयंकर महाग. लॉइड क्रॉस हा भौतिकशास्त्रज्ञ आणि जेरी पेथिक हा शिल्पकार यांनी मोठ्या पेटीत वाळू भरली, पेटीखाली हवा भरलेल्या ट्यूब घातल्या, आणि पाइपच्या तुकड्यांवर आरसे-लेन्स बसवून ते वाळूत खोचले. खर्च कुठल्या कुठे आला! १९७१ साली त्यांनी होलोग्राफीची शाळाच काढली. हा जुगाड ऐकून मेकॅनिकलवाल्यांची छाती फुगायला हरकत नाही.

कला आली म्हणून विज्ञानाचे काही अडले नाही, उलट फायदाच झाला. होलोग्राम भिंतीवर लावायचा तर तो साध्या उजेडात ठसठशीत दिसायला हवा. पोलरॉइड कंपनीतल्या स्टीफन बेंटन यांनी १९६८ साली एक सौदा केला. वर-खाली मान हलवून दिसणारी खोली सोडून दिली, फक्त डावी-उजवी ठेवली. बदल्यात साध्या पांढऱ्या उजेडात झगझगीत, इंद्रधनुषी होलोग्राम मिळाला. कलाकार खूश झाले. आणि हाच प्रकार प्लॅस्टिकवर ठसा मारून छापता येतो म्हटल्यावर १९८० च्या दशकात तो क्रेडिट कार्डांवर चढला. आज औषधाच्या खोक्यावर नाहीतर एखाद्या कार्डावर जी चकाकणारी पट्टी दिसते, ती याच घराण्यातली. ती खिशात येण्याची वाट आर्ट गॅलरीतून गेली होती.

गॅबोर हे सगळे बघत होते. १९६७ साली ते निवृत्त झाले आणि १९७१ साली फिजिक्सचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. शोधानंतर तब्बल तेवीस वर्षांनी! त्याच वर्षी मॅकडोनेल डग्लस कंपनीने त्यांचे होलोग्राफिक पोर्ट्रेट केले. जिवंत माणूस श्वास घेतो, हलतो, म्हणून त्यासाठी नॅनोसेकंदांत मोजावा इतका छोटा लेझरचा झोत मारतात. त्या काचेत गॅबोर टेबलापाशी बसलेले दिसतात. बघणारा बाजूला सरकला तर तेही बाजूने दिसतात. ज्याने पारा आणि सुईच्या टोकापेक्षाही बारीक छिद्र वापरून एक मिलिमीटरची तीन नावे टिपली, तो स्वतः पूर्ण आकारात आपल्याच शोधात जाऊन बसला.

उतारवयात त्यांना चिंता होती ती आपल्या या यंत्रयुगाचे पुढे काय होणार याची. १९६३ साली त्यांनी यावर इन्व्हेंटिंग द फ्यूचर नावाचे पुस्तक लिहिले. यंत्रांनी माणसाचे कष्ट कमी झाल्यावर मोकळ्या वेळाचे माणूस काय करणार, हा त्यांना पडलेला एक मोठा प्रश्न. हातात मोबाईल घेऊन रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या आपल्या हॉस्टेलला हा प्रश्न नवा नाही. १९७४ साली त्यांना मेंदूच्या रक्तस्रावाचा झटका आला. त्यात वाचण्या-लिहिण्याची शक्ती गेली. फेब्रुवारी १९७९ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. त्यांची मूळची इच्छा, म्हणजे इलेक्ट्रॉनची होलोग्राफी, खऱ्या अर्थाने कामाला आली ती त्यानंतर. जपानमध्ये हिताची कंपनीच्या अकिरा तोनोमुरा यांनी १९८६ साली ती वापरून क्वांटम फिजिक्समधला एक जुना वाद प्रयोगाने मिटवला. म्हणजे तो पेपर चूक नव्हता. लवकर लिहिलेला होता, इतकेच.

जाता जाता एक खुलासा. हल्ली स्टेजवर गायक किंवा पुढारी हवेत उभा राहिला की त्याला होलोग्राम म्हणतात. बहुतेक वेळा तो काचेवर किंवा पातळ पडद्यावर पाडलेला आरशाचा खेळ असतो, एकोणिसाव्या शतकातल्या नाटकवाल्यांचा. त्यात फेज कोणी साठवलेला नसतो. व्हायवाला कोणी विचारले तर फसू नका.

आता आपल्यापुरते बोलतो. ब्रँच मनासारखी मिळाली नाही म्हणून चार वर्षे कुढणारे मित्र माझ्या विंगमध्ये आहेत, तुमच्याही असतील. गॅबोर यांनाही मनासारखी ब्रँच मिळाली नव्हती. त्यांनी ती बदलली नाही आणि तिचे कुंपणही मानले नाही. होलोग्राफीत इलेक्ट्रिकलचा दिवा आहे, फिजिक्सची लाट आहे, रडारवाल्याची तिरकी किरणे आहेत, शिल्पकाराची वाळूची पेटी आहे. यातले एक काढा, बाकीचे अडते. आणि दुसरे म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट. दरवर्षी आपण सीनियरचा रिपोर्ट उचलतो, नावे बदलतो आणि बाइंडिंगला टाकतो. प्रोजेक्ट चालला नसेल तर चालला असे लिहितो. गॅबोर यांनी न चाललेली गोष्टही खरी आणि सविस्तर लिहिली, म्हणून चौदा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या देशातल्या माणसाला तिथून पुढे जाता आले. आपल्या डिपार्टमेंटच्या कपाटातही कधी काळी कोणी डोकावेल. त्याला तिथे काहीतरी खरे सापडावे, एवढे तरी आपण करू शकतो.